निळ्या आकाशाचे गाणे

इटली देशाच्या आग्नेय भागात, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, पोलिन्यानो आ मारे नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रातून सरळ वर आलेल्या चुनखडीच्या उंच कड्यावर ते वसले आहे. कड्याच्या अगदी टोकापर्यंत पांढऱ्या भिंतींची घरे आहेत आणि खाली निळेशार पाणी. या गावात समुद्राजवळ एक पुतळा उभा आहे. त्याच्या हाती तलवार नाही की मस्तकी मुकुट नाही. साध्या पोशाखातील एका माणसाने आपले दोन्ही बाहू पसरले आहेत. जणू पुढच्याच क्षणी तो आकाशात झेप घेणार आहे!

हा पुतळा दोमेनिको मोदुन्यो याचा. गीत रचणारा, त्याला चाल लावणारा आणि ते स्वतः गाणारा असा हा कलावंत होता. युरोपातील देशांच्या मोठ्या गीतस्पर्धेत तो तीन वेळा उतरला. त्या तीन वेळांपैकी एकदाही तो पहिला आला नाही. एकदा तर त्याच्या पदरी शून्य गुण पडले. तरीही त्याचे गाणे साऱ्या जगाच्या ओठी रुळले. हे कसे घडले, याची ही कथा आहे.

दोमेनिकोचा जन्म ९ जानेवारी १९२८ रोजी पोलिन्यानो येथे झाला. घरी त्याला मिमी या लाडक्या नावाने हाक मारीत. त्याचे वडील नगरपालिकेच्या पोलीस दलात नोकरीस होते. दोमेनिको लहान असतानाच वडिलांची बदली सान पिएत्रो व्हेर्नोतिको या दक्षिणेकडील गावी झाली आणि सारे कुटुंब तेथे राहावयास गेले. या गावची बोली पोलिन्यानोच्या बोलीहून अगदी वेगळी होती; दूरच्या सिसिली बेटावरील बोलीशी मात्र तिचे बरेच साम्य होते. मुलाने ती बोली लवकरच आत्मसात केली. वडिलांना संगीताची आवड होती. त्यांनीच मुलाला गिटार आणि अकॉर्डियन ही वाद्ये शिकविली. सायंकाळी बापलेक वाजवावयास बसत आणि त्या भागातील लोकगीते मुलाच्या कानी पडत. पुढे आपल्याला याच शिदोरीवर जगावयाचे आहे, याची त्या वेळी त्याला काय कल्पना असणार!

मोदुन्योला वेड होते ते चित्रपटाचे. आपण नट व्हावे, या ध्यासाने त्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी घर सोडले आणि उत्तरेकडील तुरिन हे शहर गाठले. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. देश उद्ध्वस्त झाला होता. कामधंदा मिळणे कठीण होते. मोदुन्योने मोटारींचे टायर बसविण्याच्या दुकानात काम केले, खाणावळीत वाढप्याची नोकरी केली. पण हाल सोसूनही त्याने मनातील इच्छा मावळू दिली नाही. सक्तीची लष्करी सेवा आटोपल्यावर तो रोमला गेला आणि तेथील चित्रपट-शिक्षणाच्या प्रख्यात संस्थेत त्याने प्रवेश मिळविला. तेथे शिकत असता त्याला चित्रपटांत लहानसहान भूमिका मिळू लागल्या.

मोठी भूमिका मिळेना. परंतु गिटार घेऊन तो गाऊ लागला की ऐकणारे तल्लीन होत. लवकरच त्याला नभोवाणीवर गाण्याची संधी मिळाली. त्याची त्या काळातील गाणी राजवाड्यांची वा चांदण्या रात्रींची नव्हती. खाणीत राबणारे मजूर, समुद्रावर जाणारे कोळी, मुकी जनावरे यांच्याविषयी तो गात असे. एका गाण्यात खाणीच्या अंधारात राबून आंधळा झालेला घोडा आहे. दुसऱ्या एका गाण्यात कोळी एका मादी तलवारमाशाला पकडतात. नर मासा पळून जाऊ शकतो, पण तो पळत नाही, तिच्यासवेच मरण पत्करतो. अशी गाणी ऐकताना श्रोत्यांची अंतःकरणे हेलावून जात.

ही गाणी त्याने आपल्या बालपणीच्या बोलीत रचली होती. ती बोली सिसिलीच्या बोलीसारखी असल्यामुळे लोक त्याला सिसिलीचाच समजू लागले. ही समजूत त्याच्या फायद्याची होती, कारण सिसिलीचा गायक म्हणून त्याचे नाव होत होते. मोदुन्योने ती समजूत खोडून काढली नाही. इकडे पोलिन्यानोच्या लोकांना याचे फार वाईट वाटले. आपल्या गावचा मुलगा मोठा झाला आणि गावाचेच नाव विसरला, असा सल त्यांच्या मनात राहिला. हा सल निघावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सीमेजवळ, सानरेमो नावाचे फुलांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. तेथे १९५१ सालापासून दरवर्षी नव्या गाण्यांची स्पर्धा भरते. त्या काळी या स्पर्धेची रीत अशी होती, की गीतकार व संगीतकार पडद्यामागे राहत आणि नामांकित गायक त्यांची गाणी गात. गायकही मोठ्या अदबीने उभे राहत. फार तर एक हात छातीवर ठेवीत. मोदुन्योचे एक गाणे १९५६ साली या स्पर्धेत आले होते; परंतु ते गायले दुसऱ्याने, आणि ते फारसे गाजलेही नाही.

पुढे १९५७ साली मोदुन्यो आणि त्याचा मित्र फ्रांको मिल्याच्ची यांनी एका नव्या गाण्याला हात घातला. मिल्याच्चीपाशी मार्क शागाल या चित्रकाराच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या. शागालच्या चित्रांत माणसे हवेत तरंगतात आणि रंग मनाला येतील तसे उधळलेले असतात. कोणाचा चेहराच निळा असतो. ती चित्रे पाहता पाहता मिल्याच्चीला एका विलक्षण स्वप्नाची कल्पना सुचली, असे सांगतात. एक माणूस आपले हात आणि तोंड निळ्या रंगाने रंगवितो. तोच वारा त्याला उचलून नेतो, आणि तो अथांग आकाशात आनंदाने उडू लागतो. दोघांनी मिळून शब्द रचले. चाल मोदुन्योने बांधली. गाण्याचे नाव ठेवले ‘नेल ब्लू दिपिन्तो दि ब्लू’, म्हणजे निळ्या रंगाने रंगविलेल्या निळाईत. पुढे लोकांनी त्याला ‘व्होलारे’ हे सुटसुटीत नाव दिले. या इटालियन शब्दाचा अर्थ उडणे असा आहे.

हे गाणे १९५८ च्या सानरेमो स्पर्धेसाठी निवडले गेले. त्या वर्षी प्रत्येक गाणे दोन निरनिराळ्या गायकांनी गावयाचे होते. या गाण्यासाठी जॉनी दोरेल्ली हा तरुण गायक होता, आणि दुसरा होता स्वतः मोदुन्यो. गीत रचणाराच रंगमंचावर येऊन गाणार, ही गोष्ट तेथे नवीनच होती. मोदुन्यो आला. गाण्याचे ध्रुपद येताच त्याने आपले दोन्ही बाहू पंखांसारखे पसरले आणि मोकळ्या आवाजात तान घेतली. अदबीने उभे राहून गाणारे गायक पाहण्याची सवय असलेले श्रोते क्षणभर चकित झाले, आणि मग साऱ्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. गाण्याला पहिले पारितोषिक मिळाले.

सानरेमोच्या धर्तीवरच युरोपातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने १९५६ साली एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली होती. युरोव्हिजन गीतस्पर्धा हे तिचे नाव. महायुद्धात एकमेकांशी लढलेल्या देशांनी आता एकाच रात्री एकमेकांची गाणी ऐकावीत आणि एकाच वेळी अनेक देशांत चित्रे व ध्वनी पोचविण्याचे नवे तंत्रही पारखून पाहावे, असा हा उपक्रम होता. त्यातील तिसरी स्पर्धा १२ मार्च १९५८ रोजी नेदरलंड्समधील हिल्व्हर्सम येथे झाली. दहा देशांनी तीत भाग घेतला. इटलीच्या वतीने मोदुन्यो गेला.

त्या रात्री सर्वांत प्रथम गाण्याची पाळी त्याचीच होती. त्याने गाणे म्हटले खरे. परंतु प्रक्षेपणात बिघाड झाल्यामुळे काही देशांतील लोकांना ते नीट दिसलेच नाही. स्पर्धकाला यापेक्षा मोठी विवंचना कोणती असेल? ज्यांनी गुण द्यावयाचे, त्यांच्यापर्यंत गाणेच पोचले नाही! शेवटी असे ठरले, की इतर सर्व देशांची गाणी झाल्यावर मोदुन्योने आपले गाणे पुन्हा म्हणावे. सारा कार्यक्रम होईपर्यंत तो थांबला आणि शेवटी तेच गाणे पुन्हा गायला.

त्या स्पर्धेत प्रत्येक देशात दहा परीक्षक बसत. प्रत्येक परीक्षकाने आपल्याला आवडलेल्या एका गाण्याला एक गुण द्यावयाचा; स्वतःच्या देशाला मात्र द्यावयाचा नाही. असे एकूण शंभर गुण वाटले जात. त्या रात्री फ्रान्सचा गायक आंद्रे क्लाव्हो याला २७ गुण मिळाले आणि तो विजयी झाला. स्वित्झर्लंडला २४ गुण मिळाले. मोदुन्योच्या वाट्यास १३ गुण आले आणि त्याचा क्रमांक तिसरा लागला.

स्पर्धा संपली, गाण्याचा प्रवास मात्र तेथूनच पुढे सुरू झाला. ध्वनिमुद्रिकांच्या आणि नभोवाणीच्या द्वारे ते देशोदेशी पोचले. इटालियन भाषेचा एक शब्दही न जाणणारे लोक ते गुणगुणू लागले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेले. तेथील ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक गाजणाऱ्या गाण्यांची क्रमवारी छापीत असे. ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत मिळून पाच आठवडे ‘व्होलारे’ त्या क्रमवारीत पहिल्या स्थानी होते, आणि १९५८ या सबंध वर्षाच्या यादीतही त्यालाच पहिले स्थान मिळाले. ज्याचे वडील इटलीतून अमेरिकेत आले होते, त्या डीन मार्टिन या लोकप्रिय गायकानेही ते गायले. पुढल्या वर्षी, १९५९ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिके प्रथमच देण्यात आली. त्या पहिल्याच समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका आणि वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत हे दोन्ही मान या गाण्याला मिळाले. हिल्व्हर्समला तिसरे ठरलेले गाणे जगात पहिले ठरले!

एवढे यश मिळाल्यावर एखादा कलावंत स्पर्धांच्या वाटेस पुन्हा गेला नसता. हरण्याची जोखीम कोण पत्करणार? मोदुन्यो मात्र पुन्हा पुन्हा नवे गाणे घेऊन स्पर्धेत उतरत राहिला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५९ साली, सानरेमोचे पहिले पारितोषिक त्याला ‘प्योव्हे’ या गाण्यासाठी मिळाले. त्या वर्षी फ्रान्समधील कान येथे झालेल्या युरोव्हिजन स्पर्धेत मात्र त्याचा क्रमांक सहावा लागला. मधल्या काळात त्याने रंगभूमीही गाजविली. इटलीच्या एकीकरणाला १९६१ साली शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने रंगभूमीवर आलेल्या ‘रिनाल्दो इन कांपो’ या संगीत नाटकाला त्याने संगीत दिले आणि नायकाची भूमिकाही केली. सानरेमोला तो १९६२ साली पुन्हा विजयी झाला. पुढे १९६६ साली ‘दियो, कोमे ती आमो’ या गाण्याने त्याने आणि जिल्योला चिंक्वेत्ती या तरुण गायिकेने मिळून ते पारितोषिक जिंकले. सानरेमोची स्पर्धा चार वेळा जिंकण्याचा मान मोदुन्योला लाभला. क्लाउद्यो व्हिल्ला या गायकाचा अपवाद सोडल्यास त्या काळी ही मजल दुसऱ्या कोणी गाठली नव्हती.

हेच चौथे विजयी गाणे घेऊन तो १९६६ च्या मार्च महिन्यात लक्झेम्बर्ग येथे तिसऱ्यांदा युरोव्हिजन स्पर्धेत उतरला. आता स्पर्धक देश अठरा होते आणि गुण देण्याची पद्धतही बदलली होती. प्रत्येक देशाचे परीक्षक मंडळ केवळ पहिल्या तीन गाण्यांना पाच, तीन आणि एक असे गुण देई. उरलेल्यांना काहीच नाही. एकेका देशाचे गुण फलकावर लागू लागले. इटलीच्या नावापुढे काहीच लागेना. अखेरचा देश झाला, तरी तेथे शून्यच होते. ऑस्ट्रियाचा उडो युर्गेन्स विजयी झाला आणि जगप्रसिद्ध मोदुन्यो मोनाकोच्या गायिकेबरोबर सर्वांत शेवटी राहिला. आठ वर्षांपूर्वी ज्याच्या गाण्याने सारे जग डोलले, त्याच्या वाट्यास एकही गुण येऊ नये, हा प्रसंग कोणाचाही धीर खचविणारा होता. पण त्या शून्यामुळे गाण्याचे काहीच अडले नाही. त्याच वर्षी त्याच नावाचा चित्रपट निघाला, अनेक देशांतील गायकांनी ते आपापल्या मैफलींत गायले आणि इटलीतील लोक ते आजही विसरलेले नाहीत.

मोदुन्योची खरी कसोटी अजून व्हावयाची होती. ती गाण्याच्या स्पर्धेत नव्हती. १९८४ साली दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाचे काम चालू असता त्याला अर्धांगाचा झटका आला. शरीराची एक बाजू लुळी पडली. बोलणेही कठीण झाले. ज्याने बाहू पसरून हजारोंची मने आकाशात नेली, त्याला आता चार पावले टाकण्यासाठी दुसऱ्याचा आधार घ्यावा लागे. गाणे तर दूरच राहिले.

तो हळूहळू सावरू लागला. त्याने नेटाने उपचार घेतले, व्यायाम केले, शब्द पुन्हा उच्चारावयास शिकला. स्वतः पंगुत्व भोगल्यामुळे अपंगांची दुःखे त्याला नव्याने कळली. १९८७ साली तो इटलीच्या संसदेवर निवडून आला, आणि अपंगांच्या हक्कांचा प्रश्न त्याने आपला मानला. सिसिलीतील आग्रिजेन्तो येथील मनोरुग्णालयात रुग्णांना अत्यंत हलाखीत ठेवले जात होते. मोदुन्योने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि तेथील स्थिती साऱ्या देशापुढे मांडली. पुढे १९८९ साली तो त्या रुग्णांसाठी आग्रिजेन्तोला जाऊन गायला. त्याचा आवाज आता पूर्वीसारखा उरला नव्हता आणि तेथे गुण देणारे परीक्षकही नव्हते. ज्यांची कोणी विचारपूसही करीत नव्हते, अशा माणसांसाठी त्याने गाणे म्हटले.

आणखी एक ऋण फेडावयाचे राहिले होते. २६ ऑगस्ट १९९३ रोजी मोदुन्यो आपल्या जन्मगावी, पोलिन्यानोला, गावयास आला. तरुणपणी त्याने स्वतःला सिसिलीचा समजू दिले होते, ही गोष्ट गाव विसरले नव्हते आणि तोही विसरला नव्हता. त्या रात्री हजारो लोक जमले. आजाराने थकलेला पासष्ट वर्षांचा गायक लोकांपुढे आला आणि लोकांनी त्याला आपला म्हणून पोटाशी धरले. जुनी अढी त्या रात्री सुटली. त्याच वर्षी त्याने आपला मुलगा मास्सिमो याच्याबरोबर एक गाणे ध्वनिमुद्रित केले. तेच त्याचे अखेरचे नवे गाणे ठरले. ६ ऑगस्ट १९९४ रोजी, समुद्रातील लांपेदूझा या बेटावर, हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २००५ साली, युरोव्हिजन स्पर्धेच्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाला. इतक्या वर्षांतील सर्वोत्तम गाणे कोणते, याचा कौल त्या वेळी घेण्यात आला. स्वीडनच्या ‘वॉटर्लू’ या विजयी गाण्याला पहिला मान मिळाला आणि दुसरा मान मिळाला तो ‘व्होलारे’ला. १९५८ साली ज्या दोन गाण्यांनी त्याला मागे टाकले होते, त्यांपैकी एकही त्या कौलात त्याच्या पुढे नव्हते. पुढे २००९ साली पोलिन्यानोच्या किनाऱ्यावर बाहू पसरलेला तो पुतळा उभा राहिला.

परीक्षकांनी दिलेले गुण खोटे होते, असे मुळीच नाही. त्या रात्री त्यांना जे वाटले, ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु एका रात्रीत माणसाची पारख होत नाही, तशीच गाण्याचीही होत नाही. मोदुन्यो जिंकल्यावर थांबला नाही आणि शून्य पदरी पडल्यावर खचला नाही; शरीराने साथ सोडली तेव्हाही त्याने गाणे सोडले नाही. आजही पोलिन्यानोला जाणारे प्रवासी त्या पुतळ्याजवळ घटकाभर थांबतात, त्याच्यासारखेच हात पसरून उभे राहतात आणि नकळत तेच निळ्या आकाशाचे गाणे गुणगुणू लागतात.